दिसलं ते, की हवं होतं ते?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ८



पाचव्या, सहाव्या आणि सातव्या श्लोकात मिळून भगवंतांनी अर्जुनाला चार वेळा 'पाहा' म्हटलं. माझी रूपं पाहा, कधी न पाहिलेली आश्चर्यं पाहा, याच देहात सगळं जग एकत्र पाहा. आणि आजच्या आठव्या श्लोकात म्हणतात, तुझ्या या डोळ्यांनी तुला ते दिसायचं नाही, म्हणून मी तुला वेगळी दृष्टी देतो. या क्रमाची मला नेहमी गंमत वाटते. आधी चार वेळा 'पाहा' म्हणायचं आणि मग सांगायचं की डोळेच पुरे पडणार नाहीत! पण अर्जुनानं मागणंही तसंच जपून मागितलं होतं. ते रूप पाहणं मला शक्य आहे असं तुम्हाला वाटत असेल तरच दाखवा, असं तो चौथ्या श्लोकात म्हणतो. आपली नजर पुरेल का, ही शंका त्याला आधीपासूनच आहे.

दिव्य दृष्टी म्हणजे काय, ती कुणाला मिळते, यावर प्रवचनं आपण पुष्कळ ऐकली. आज मला एक वेगळा आणि थोडा अडचणीचा प्रश्न घ्यायचा आहे. जे स्वतःच्या डोळ्यांना दिसतच नाही ते दुसऱ्या कुठल्या साधनानं 'दिसलं' असं माणूस म्हणतो, तेव्हा ते खरंच दिसलेलं असतं, की हवं होतं म्हणून दिसलेलं असतं? आणि हे ओळखायचं कसं? आपल्याकडे हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. 'मला अनुभव आला' म्हटलं की विषय संपतो, समोरचा हात जोडतो. पुढं काही विचारणं उद्धटपणाचं वाटतं. पण हा प्रश्न स्वतःलाच, अगदी निष्ठुरपणे विचारणारी काही माणसं आपल्याच काळात आहेत. ती कुठल्या मठातली नाहीत. त्यांची गोष्ट आज सांगतो.

१० एप्रिल २०१९ रोजी जगात अनेक ठिकाणी एकाच वेळी एक चित्र प्रसिद्ध झालं. तुम्हीही ते पाहिलं असेल. काळ्या पार्श्वभूमीवर एक नारिंगी, धूसर कडं, खालची बाजू जास्त उजळ, आणि मधे काळोख. एम-८७ नावाच्या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेल्या महाकाय कृष्णविवराचं ते चित्र. कन्या राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर, आणि वजनाला आपल्या सूर्यासारख्या सुमारे ६५० कोटी सूर्यांइतकं.

त्या आठवड्यात आमच्या सत्संगाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हे चित्र दोन प्रकारांनी आलं. एकात त्या कड्यावर शंख-चक्र चिकटवलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं की आपल्या ऋषींनी हे आधीच पाहून ठेवलंय. दुसऱ्यात लिहिलं होतं की फोटोबिटो काही नाही, कॉम्प्युटरवर रंगवलेलं चित्र आहे, लोकांना मूर्ख बनवतायत. पहिल्याबद्दल मी एवढंच म्हणेन की ज्यांचं गीतेवर प्रेम आहे त्यांनी तिला अशा उसन्या पुराव्यांसाठी हात पसरायला लावू नये. दुसरा आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. चित्र कॉम्प्युटरवरच तयार झालं. रंगही दिलेलाच आहे. रेडिओ लहरींना कुठला आलाय नारिंगी रंग? मग ते खरं कसं म्हणायचं?

याचं उत्तर द्यायचं तर थोडं तपशिलात जावं लागेल. कंटाळू नका.

कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर पडत नाही, म्हणजे ते स्वतः कधीच दिसणार नाही. दिसते ती त्याची सावली. भोवती प्रचंड तापलेला वायू गरगरत असतो. त्याचा उजेड त्या विलक्षण ओढीनं वाकतो, काही आत जातो, काही वळसा घालून आपल्याकडे येतो, आणि मधे काळोख ठेवून भोवती कडं उमटतं. खालची बाजू उजळ दिसते, कारण तिथला वायू आपल्या दिशेनं येतोय. आता हे कडं आकाशात केवढं दिसतं? चंद्रावर एक मोसंबं ठेवलं तर ते पृथ्वीवरून जेवढं दिसेल, साधारण तेवढं. आपल्या नुसत्या डोळ्याला जे बारकाईनं ओळखता येतं त्याच्याहून सुमारे चौदा लाख पटींनी लहान. 'अनेनैव स्वचक्षुषा' जमणार नाही हे उघडच आहे.

दुर्बीण जितकी मोठी तितकं बारीक दिसतं, आणि लहर जितकी आखूड तितकं बारीक दिसतं. हिशेब मांडला तर १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरी आणि जवळजवळ पृथ्वीएवढ्या रुंदीची तबकडी लागते. ती कोण बांधणार? पण एक क्लृप्ती आहे, आणि ती बघायला फार लांब जायला नको. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं नारायणगावला जा, तिथून खोडद जवळ आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी तिथं आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. त्यातल्या कुठल्याही दोन घ्या. एकाच ताऱ्याची लहर एकीकडे आधी पोचते, दुसरीकडे किंचित नंतर. त्या दोन नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या की आकाशातल्या त्या चित्राबद्दल एक छोटी गोष्ट कळते. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाशातून पाहिलं तर त्या जोड्यांच्या दिशा आणि अंतरं बदलत राहतात, आणि तासातासाला नवी माहिती मिळते. अशा तुकड्यांतून पंचवीस किलोमीटर रुंद दुर्बिणीनं पाहावं तसं चित्र जुळवता येतं. खोडदच्या तबकड्या बऱ्याच लांब लहरी ऐकतात, त्यामुळे कृष्णविवराच्या या चित्रात त्या नव्हत्या. पण युक्ती तीच. फक्त तबकड्या एका तालुक्याच्या ऐवजी पृथ्वीभर पसरल्या.

एप्रिल २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी मिळून हे काम केलं. चिलीत दोन, हवाई बेटावर दोन, आणि मेक्सिको, अ‍ॅरिझोना, स्पेन व दक्षिण ध्रुव इथं एकेक. या जुळणीला इव्हेंट होरायझन टेलिस्कोप म्हणतात. त्यातली ध्रुवावरची दुर्बीण एम-८७ पाहूच शकत नाही, तिथून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. म्हणजे खऱ्या कामाला सातच, त्याही पाच जागी. दुर्बिणींना जोडणारी तार नाही. प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळ, आणि त्याच्या ठोक्याबरोबर जे ऐकू आलं ते हार्ड डिस्कवर भरून ठेवायचं. माहिती इतकी प्रचंड की इंटरनेटवरून पाठवणं शक्य नव्हतं. डिस्क विमानानं बोस्टनजवळच्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉनला नेल्या. ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरून विमानं सुरू होईपर्यंत तशाच पडून होत्या. घाई करून चालण्यासारखं हे कामच नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. पृथ्वीएवढ्या तबकडीच्या जागी पाच ठिकाणचे सात ठिपके. बाकी सगळी तबकडी रिकामी. जुनी पोथी वाळवीनं खाल्ली आहे आणि प्रत्येक ओळीत दोन-तीनच अक्षरं शिल्लक आहेत असं समजा. ज्याला तो अभंग पाठ आहे तो पोथी हातात घेतो आणि गाळलेल्या जागा न अडखळता भरून वाचतो. त्याला वाटतं, मी वाचलं. पण त्याच अक्षरांत दुसरा एखादा अभंगही बसत असेल तर? ज्याला दुसरा पाठ आहे तो दुसरा वाचेल, आणि त्यालाही वाटेल, मी वाचलं. हातातल्या माहितीत बसतील अशी चित्रं गणितानं एक नाही, अगणित निघतात. त्यातलं कुठलं, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

आणि या माणसांना अभंग पाठ होता! आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून मधे काळोख आणि भोवती कडं दिसायला हवं, हे ते कितीतरी वर्षं जाणून होते. कड्याचा आकारही साधारण ठाऊक होता. त्यासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं घातलेली. कडं दिसलं तर जगभर नाव, नाही दिसलं तर पुन्हा डोंगरावर जाऊन थंडीत बसायचं. अशा माणसांच्या हाती अर्धवट पोथी आली. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, याचा क्षणभर विचार करा.

त्यांनी आपली चार गटांत वाटणी केली आणि गटागटांमध्ये बोलणं बंद केलं. माहिती तीच, पण एका गटाला काय दिसतंय ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. आपल्या पडद्यावर काय उमटलं ते मित्राला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही सांगायचं नाही. सुमारे सात आठवडे असं चाललं. २०१८ च्या जुलैत चारही चित्रं पहिल्यांदा शेजारी ठेवली. थोडीफार वेगळी, पण चारीत कडं होतं, आकार जवळजवळ सारखा, आणि चारीत खालचीच बाजू उजळ.

एवढ्यावर पेढे वाटायला हरकत नव्हती. पण त्यांनी आणखी एक परीक्षा घेतली, आणि मला तीच सगळ्यांत जास्त आवडते. त्यांनी मुद्दाम खोटी आकाशं तयार केली. एकात कडं, एकात चंद्रकोर, एकात मधे काळोख नसलेली भरीव चकती, एकात नुसते दोन ठिपके. या दुर्बिणींनी ते खोटं आकाश पाहिलं असतं तर कशी तुटक माहिती मिळाली असती ते काढलं, आणि आपली चित्र जुळवायची रीत तिच्यावर चालवली. भरीव चकतीचं कडं होतंय का? दोन ठिपक्यांना जोडून वर्तुळ होतंय का? म्हणजे आपल्या नजरेलाच कडं बघायची खोड लागली आहे का, हे तपासलं. भरीव चकती ओळखण्यात तयार केलेली रीतसुद्धा जेव्हा खऱ्या माहितीवर चालवली तेव्हा तिच्यातून कडंच निघालं. मग कुठं त्यांनी जगाला चित्र दाखवलं, तेही वेगवेगळ्या रीतींच्या चित्रांची सरासरी काढून, मुद्दाम धूसर ठेवून. जेवढी खात्री होती त्याच्याहून एक रेघही ठळक नाही.

तर 'कॉम्प्युटरवर बनवलंय' हा आक्षेप असा आहे. बनवलंय हे खरंच. पण बनवलेलं आणि खोटं, हे एकच नव्हे.

पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला उभं राहिलेल्या कुणालाही हे समजायला अवघड जाऊ नये. पिंड मांडलेला असतो, सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघत असतात. कावळा येत नाही. मग एकेकजण हात जोडून बोलायला लागतो, धाकट्याचं शिक्षण मी बघतो, आईला अंतर देणार नाही. तरीही आलाच नाही तर गुरुजी काय करतात? 'आला होता, तुमचं लक्ष नव्हतं' असं म्हणत नाहीत. सगळ्यांच्या देखत दर्भाचा कावळा करतात आणि तो शिवतात. तो दर्भाचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. बनवलेला आहे, पण फसवणूक नाही. त्या चित्राचा नारिंगी रंग असाच दर्भाचा आहे. तो दिलेला आहे, असं त्यांनीच सांगितलंय.

आणि खरा कावळा शिवतो तेव्हा? आमच्या पारायणातल्या एक काकू सांगतात, काकांच्या दहाव्याला बराच वेळ झाला तरी कावळा येईना. शेवटी त्या मनात काहीतरी बोलल्या, काय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि त्याच क्षणी शिवला. मी हे तीन-चार वेळा ऐकलंय. दर वेळी त्या शेवटी म्हणतात, 'मला बाई तसं वाटलं.' झालं असं म्हणत नाहीत, वाटलं म्हणतात. त्यांचं शिक्षण जुनी सातवी. पण जे घडलं आणि जे आपल्याला वाटलं यांच्यातली फट त्यांना दिसते, आणि ती बुजवायचा मोह एवढ्या दुःखातही त्यांना झाला नाही. त्यांच्याकडे कुणी पुरावा मागू नये. मागणाराच अडाणी ठरेल. पण तोच अनुभव उद्या कुणी व्यासपीठावरून, माइक हातात घेऊन, इतरांनी मानलाच पाहिजे अशा थाटात सांगू लागला, तर त्याला चार खोल्यांत चार माणसं बसवायला सांगायचा हक्क आपल्याला आहे असं माझं मत आहे.

आपल्या शास्त्रात हे नाही असं मात्र कुणी समजू नका. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली आहेत. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आता आप्त कोण? नात्यातला नव्हे. वात्स्यायनाचं भाष्य म्हणतं, ज्यानं वस्तू जशी आहे तशी जाणली आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त. पुढं तो हेही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. मला हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. गटावरच्या त्या शंख-चक्रवाल्या चित्रापेक्षा, हवाईच्या डोंगरावर किंवा चिलीच्या वाळवंटात रात्री जागवणारी ती माणसं वात्स्यायनाच्या जास्त जवळची आहेत.

इथं एका कोल्हापूरकराची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म इथलाच, १९ जुलै १९३८ चा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचेच, पुढं बनारसला गणित शिकवलं आणि सापेक्षतेवर काम केलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. जयंतरावांनी कथा पाठवली, तिचं नावच 'कृष्णविवर'. पण त्या वेळी त्यांचं नाव एवढं मोठं झालेलं की परीक्षक कथा न वाचताच भारावले असते. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं! गमतीचा किस्सा म्हणून आपण तो सांगतो. मला त्यात तेच दिसतं, जे त्या चार खोल्यांत होतं. निकाल कथेचा लागावा, नावाचा नव्हे, एवढ्यासाठी माणसानं स्वतःला बाजूला काढलं.

आणखी घरचं उदाहरण म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि हिवाळा सरताना ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुख, अशी अपेक्षा. सगळं देऊळ श्वास रोखून उभं असतं. प्रत्येकाला किरणं देवीच्या मुखापर्यंत जायला हवी असतात. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? ढगांमुळे किरणं कमरेपर्यंतच. कधी हवेतल्या धूलिकणांमुळे गुडघ्यापर्यंत, कधी वाटेतल्या इमारतींचा अडथळा. इथल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक प्रकाशाची तीव्रता मोजतात, कुठल्या मिनिटाला किरणं कुठं होती ते लिहून ठेवतात. देवीचा उत्सव, पण गुडघ्यापर्यंत आली तर गुडघ्यापर्यंतच म्हणायचं. मुखापर्यंत आली असं लिहून कुणाचं काय बिघडलं असतं? पण ही नोंद खरी ठेवली म्हणूनच अडथळ्यांचा प्रश्न पुढं आला आणि ते काढायचे प्रयत्न सुरू झाले.

आता परत गीतेकडे. दृष्टी अर्जुनाला मिळाली हे खरं, पण आपल्यापर्यंत ते रूप पोचलं ते संजयामुळे. महाभारतात याच्या आधीचा एक प्रसंग आहे. युद्ध सुरू होण्याआधी व्यास धृतराष्ट्राकडे येतात आणि म्हणतात, तुला बघायचं असेल तर मी डोळे देतो. धृतराष्ट्र नको म्हणतो. आपल्याच माणसांचा संहार मला बघायचा नाही, मी फक्त ऐकेन. मग व्यास ती दृष्टी संजयाला देतात. म्हणजे एकाच गोष्टीत दोघांना दिव्य दृष्टी देऊ केली गेली होती, अर्जुनानं ती घेतली आणि धृतराष्ट्रानं परत केली. जन्मांध म्हणून आपण त्याची कीव करतो, पण त्या दिवसानंतरचं आंधळेपण त्यानं निवडलेलं होतं.

आणि संजयाची अवस्था बघा. तो धृतराष्ट्राचा सारथी, त्याच्या पदरी असलेला माणूस. ऐकणाऱ्याला काय ऐकायचं आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. माझी मुलं जिंकतायत, एवढं एकच. भीष्म पडल्यावर, दहा दिवसांनी, तो रणांगणावरून हस्तिनापुरात येतो आणि पहिली बातमी तीच देतो. मग मागे जाऊन पहिल्यापासून सांगतो, त्यात गीता येते. आणि गीतेच्या अगदी शेवटच्या श्लोकात, समोर बसलेल्या मालकाला, विजय कुठल्या बाजूला आहे ते सांगून मोकळा होतो. ती बाजू त्याच्या मालकाची नव्हती. संजयाला व्यासांनी दूरचं पाहायची शक्ती दिली, हे आपण सांगतो. पण दूरचं दिसलेलं धृतराष्ट्राच्या तोंडावर तसंच्या तसं सांगायची ताकदही व्यासांनीच दिली होती का? मला नाही वाटत. ती त्याची स्वतःची असावी.

कृष्णविवराच्या चित्राची गोष्टही २०१९ ला संपली नाही. सगळी माहिती त्यांनी जगापुढं उघडी ठेवली होती. २०२२ साली जपानमधल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी तीच माहिती घेतली, आपल्या पद्धतीनं चित्र काढलं आणि म्हटलं, आम्हाला कडं दिसत नाही. मूळ चमूनं आपलं उत्तर सविस्तर दिलं. दुसऱ्या काही स्वतंत्र अभ्यासकांनी वेगवेगळ्या रीतींनी तपासलं, त्यांना कडं मिळालं. मग २०२४ च्या जानेवारीत २०१८ च्या निरीक्षणांवरचं नवं चित्र आलं, त्यात ग्रीनलंडची एक दुर्बीण वाढली होती. कडं त्याच आकाराचं, फक्त उजळ भाग सुमारे तीस अंशांनी सरकलेला. वायू खदखदतोय, उजेड हलणारच. तरीही जपानी मंडळींना 'तुमची श्रद्धा कमी पडते' असं कुणी म्हटलं नाही. वाद झाला तो आकड्यांवर.

आणि आपल्या स्वतःच्या आकाशगंगेच्या मध्यभागाचं चित्र, धनू राशीच्या दिशेचं, १२ मे २०२२ ला आलं. सत्तावीस हजार प्रकाशवर्षांवरचं, सुमारे चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर. हे काम जास्त त्रासाचं होतं. एम-८७ भोवतीच्या वायूला एका फेरीला काही दिवस लागतात, इथं काही मिनिटांत फेरी होते. म्हणजे पाहता पाहता चित्र बदलतंय. चुळबुळ करणाऱ्या पोराचा फोटो घ्यावा तसं. त्यांनी माहितीत बसणारी हजारो चित्रं काढली आणि सारखी सारखी चित्रं एकत्र करून त्यांचे चार गट केले. तीन गटांत कडं होतं. चौथ्या, छोट्या गटात कडं नव्हतं. मोठ्या चित्राच्या खाली त्यांनी चारही गट छापले, कुठल्या गटात किती चित्रं ते दाखवणाऱ्या पट्ट्यांसकट. कडं नसलेलासुद्धा. इंटरनेटवर ते चित्र मिळालं तर खालच्या ओळीकडे जरूर बघा, आपण बहुतेक जण वरचंच बघून पुढं जातो.

उद्या नववा श्लोक. तिथं बोलणारा बदलतो. भगवंतांचं बोलणं आठव्यात थांबतं आणि संजय सुरू करतो, 'राजन्' अशी हाक मारून. नवव्यापासून चौदाव्यापर्यंत सहाही श्लोक त्याचेच आहेत. जमलं तर आज रात्री एकदा वाचून ठेवा.